मानेची मागची बाजू

स्वतःच्या अंगाची जी जागा आरशात कधी धड दिसत नाही, तिच्यावरच ऊन सगळ्यांत जास्त वेळ पडतं. मानेची मागची बाजू. वाकून काम करणाऱ्या माणसाची मान तर दिवसभर सूर्याकडे तोंड करूनच असते.

माझं काम जमीन मोजणीचं. बरेच दिवस उघड्या जागेवर, एकामागोमाग एक चालण्यात जातात. पुढे पट्टी धरणारा, मधे खुंट्या ठोकणारे, मागे यंत्र घेऊन मी. त्यामुळे सहकाऱ्यांच्या चेहऱ्यांपेक्षा त्यांच्या माना माझ्या जास्त ओळखीच्या झाल्या आहेत. वर्षानुवर्षं उन्हात राबलेल्या माणसाची मान जाड होते, चिवट दिसू लागते, आणि तिच्यावर एकमेकींना तिरप्या छेदणाऱ्या खोल रेघा उमटतात. त्वचारोगतज्ज्ञ या खुणेला ‘शेतकऱ्याची मान’ किंवा ‘खलाशाची मान’ म्हणतात. त्याच माणसाची कॉलर जरा खाली सरकली की आतली त्वचा दिसते: मऊ, एकसारख्या रंगाची, रेघ नसलेली. वय तेच, अंग तेच, रक्तही तेच. मधे फक्त कापडाची कड. उन्हात काम करणाऱ्यांच्या त्वचेबद्दल जे काही बोलायचं, ते या दोन बोटांच्या अंतरापासून सुरू व्हावं असं मला मनापासून वाटतं. कारण ऊन काय करतं आणि साधं कापड काय वाचवतं, हे दोन्ही तिथं शेजारी-शेजारी दिसतं.

ऊन त्वचेचं नुकसान करतं हे माणसाला कळलं तेच मुळी अशा माणसांकडे बघून. पॉल गेर्सन उन्ना या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने १८९४ मध्ये खलाशांच्या त्वचेतले बदल नोंदवले आणि त्यांच्या कर्करोगाचा संबंध उघड्यावरच्या जगण्याशी जोडला. पुढे फ्रान्समध्ये विल्यम द्युब्रय यांना द्राक्षमळ्यांत राबणाऱ्यांच्या त्वचेत तेच दिसलं. आणि अलीकडे, २०१२ मध्ये, एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या एका मालवाहू ट्रकचालकाचा फोटो छापला गेला. त्याने २८ वर्षं गाडी चालवली होती. खिडकीकडचा डावा गाल सुरकुत्यांनी लोंबलेला, जाड झालेला. उजवा गाल त्या मानाने कितीतरी तरुण. तो फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले होते. एकाच चेहऱ्यावर दोन वयं.

म्हणजे हे सगळं ज्ञान आलं कष्टकऱ्यांच्या अंगावरून. पण आज त्वचेच्या काळजीच्या नावाने जे लिहिलं-विकलं जातं, ते बहुतेक वेळा सावलीत बसणाऱ्यांशी बोलतं. सकाळचे सात टप्पे, रात्रीचे नऊ. ज्याला पहाटे निघून पहिली गाडी पकडायची आहे आणि संध्याकाळी परत आल्यावर पायही धुवावेसे वाटत नाहीत, त्याच्यासाठी त्यात काहीच नसतं. मग तो समजतो, हे आपलं कामच नव्हे. याचं मला फार वाईट वाटतं, कारण ज्याला सगळ्यांत जास्त गरज तोच या बोलण्यातून बाहेर राहतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२३ मध्ये एक अंदाज मांडला: २०१९ साली जगात १६० कोटी लोकांच्या अंगावर कामाच्या वेळेत उन्हातले अतिनील किरण पडत होते. काम करण्याच्या वयातल्या माणसांपैकी हे २८ टक्के. आणि मेलॅनोमा (रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग) सोडून त्वचेच्या इतर कर्करोगांनी जे मृत्यू होतात, त्यांतला जवळजवळ तीनातला एक उन्हातल्या कामामुळे होतो. डोक्यावर वीट पडू नये म्हणून हेल्मेट देतात, पण याच्यासाठी बहुतेक ठिकाणी काहीच देत नाहीत.

त्वचेचा सगळ्यांत वरचा थर विलक्षण पातळ असतो. तळवे आणि तळपाय सोडले तर तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपासचा, थोडा कमी-जास्त. मेलेल्या, चपट्या पेशींचा थर आणि त्यांच्यामधे स्निग्ध पदार्थ भरलेले. शास्त्रज्ञ त्याला विटा आणि गारा म्हणतात, आणि ती उपमा खरोखर चपखल आहे. विटा म्हणजे पेशी. गारा म्हणजे सिरॅमाइडं, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं. आतलं पाणी बाहेर जाऊ न देणं आणि बाहेरचं आत येऊ न देणं, ही दोन्ही कामं एवढीशी भिंत करते. पृष्ठभाग किंचित आम्ल असतो, पीएच साधारण ५ च्या आसपास. साध्या साबणाचा पीएच ९ ते १०, म्हणजे नेमका उलटा, अल्कधर्मी. खालच्या पेशी वर सरकत सरकत गळून पडायला महिनाभर लागतो, वय वाढेल तसा जास्त. म्हणून कुठल्याही काळजीचा परिणाम चार दिवसांत दिसत नाही, आणि चार दिवसांत दिसला तर मला त्या मलमाचाच संशय येतो. त्याबद्दल पुढे.

ऊन या भिंतीवर दोन तऱ्हांनी येतं. जमिनीपर्यंत पोहोचणाऱ्या अतिनील किरणांत आखूड लांबीचे ते यूव्हीबी: हे वरच्या थरांत अडतात, त्वचा लाल करतात, भाजतात. लांब ते यूव्हीए: हे खोल जातात, त्वचेला ताण देणारे तंतू सैल करतात, डाग गडद करतात, आणि त्यांची चाहूल लागत नाही. भाजल्याची जाणीव होत नाही म्हणून नुकसान होत नाही असं नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तर असं दिसलं, की रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींमधली डीएनएची मोडतोड उन्हातून आत आल्यावरही तीन तासांहून जास्त वेळ चालू राहते. घरी येऊन हात-पाय धुऊन बसलो तरी आत दुपार संपलेली नसते.

गडद रंगाच्या त्वचेला याचा त्रास होत नाही, असं पुष्कळजण मानतात. अर्धंच खरं आहे. मेलॅनिन, म्हणजे त्वचेतलं रंगद्रव्य, हे नैसर्गिक छत्र आहे. अगदी गडद त्वचेत त्याचं संरक्षण सुमारे १३ एसपीएफच्या (भाजणाऱ्या किरणांपासून किती बचाव होतो ते सांगणारा सनस्क्रीनवरचा आकडा) तोडीचं असल्याचं मोजलं गेलं आहे. म्हणून भाजणं कमी, कर्करोगही पुष्कळ कमी. पण काळे डाग, वांग, रंगाचा असमानपणा हे गडद त्वचेतच जास्त ठळक आणि हट्टी होतात. आणि ते फक्त अतिनील किरणांनी होत नाहीत, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही होतात. त्यामुळे ‘आमची कातडी तशीच आहे, तिला काय होतंय’ हे वाक्य मी कामावर ऐकलं की गप्प बसत नाही.

आता काळजीकडे येते. माझ्या मते तिचा क्रम दुकानातल्या फळीच्या बरोबर उलटा आहे. आधी वेळ, मग सावली, मग कापड, आणि यांतून जे उरेल त्याला मलम.

वेळ ओळखायला घड्याळही लागत नाही. मोकळ्या जागी स्वतःची सावली बघावी. ती आपल्या उंचीपेक्षा छोटी असेल तर सूर्य ४५ अंशांच्या वर चढलेला आहे आणि अतिनील किरण जोरात आहेत. दिवसभरातल्या अतिनील किरणांपैकी जवळपास ६० टक्के सकाळी दहा ते दुपारी दोन या चार तासांत पोहोचतात. म्हणजे ज्या कामाला सरकवता येतं ते सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर, आणि कागद लिहिण्याचं, हत्यारं पुसण्याचं, मोजमापं जुळवण्याचं काम मधल्या वेळात सावलीला. आमच्या गटात हे आम्ही ठरवून केलं आहे आणि कामाचा वेगही त्याने कमी झालेला नाही. फोनवर हवामानाबरोबर अतिनील निर्देशांक दिसतो. तो ३ किंवा त्याहून जास्त असेल तर अंग झाकायला हवं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ढग आहेत म्हणून निवांत राहू नये. पातळ ढगांतून ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण खाली येतात. ढगाळ दिवशी उकाडा कमी वाटतो, माणूस टोपी काढून ठेवतो, बाह्या दुमडतो, आणि नेमक्या अशाच दिवशी घरी आल्यावर कान हुळहुळतात.

कापडाची पारख सोपी आहे. उजेडासमोर धरावं. आरपार दिसलं तर ऊनही आरपार जातं. विरलेला पांढरा सुती सदरा फार थोडं अडवतो, आणि घामाने भिजला की आणखी कमी. दाट विणीचं, जरा गडद, सैल कापड चांगलं. सैल हवं, कारण ताणलं की विणीतली भोकं उघडतात, आणि अंगाला चिकटलं की घाम सुकत नाही. पूर्ण बाह्या, उभी करता येईल अशी कॉलर, आणि टोपी. पुढे टोक असलेली टोपी कपाळ आणि नाक वाचवते. कान आणि मान मात्र तशीच सोडते. चहूबाजूंनी निदान साडेसात सेंटिमीटर कड असलेली टोपी घ्यावी, किंवा साध्या टोपीखाली मागे रुमाल सोडावा. हेल्मेट घालून काम करणाऱ्यांसाठी मागे लोंबणारं कापड जोडायची सोय मिळते. दुचाकी चालवणाऱ्यांच्या हातांच्या पाठी सतत सूर्याकडे असतात. पातळ, हवेशीर हातमोजे आणि सुट्या बाह्या यांनी तिथला रंग आणि पोत दोन्ही टिकतात. हे कापड एकदा घेतलं की वर्षभर चालतं, चोपडावं लागत नाही, घामाने ओघळत नाही, डोळ्यांत जात नाही. कुठलंही मलम याची बरोबरी करू शकत नाही.

बसने, गाडीने जाणाऱ्यांना वाटतं, आपण तर आत आहोत. साधी काच यूव्हीबी अडवते, यूव्हीए मात्र बरंचसं आत सोडते. गाडीच्या पुढच्या काचेत दोन थरांमधे प्लास्टिकचा पापुद्रा असतो म्हणून ती चांगलं अडवते. बाजूच्या काचांचं तसं नसतं. त्या ट्रकचालकाचा डावा गाल त्यामुळेच. रोज त्याच वेळी, त्याच मार्गाने जात असाल तर ऊन कुठल्या बाजूने येतं हे ठाऊक असतंच. शक्य असेल तेव्हा दुसऱ्या बाजूला बसावं, नाहीतर पडदा ओढावा. ज्यांना जागा निवडता येत नाही, म्हणजे चालक, त्यांच्यासाठी पूर्ण बाही आणि मलम.

सनस्क्रीनबद्दल पहिली गोष्ट. तिच्या डबीवरच्या आकड्यापेक्षा तिचं प्रमाण महत्त्वाचं आहे. एसपीएफ १५ यूव्हीबीपैकी सुमारे ९३ टक्के अडवतं, ३० सुमारे ९७, ५० सुमारे ९८. पण हे आकडे प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतका जाड थर लावून काढलेले असतात. माणसं प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याहूनही कमी लावतात, कधी पावच. मग ५० आकड्याचं मलम कितीतरी खालच्या आकड्याचं काम करतं. चेहरा आणि मान यांना तर्जनी आणि मधलं बोट, या दोन बोटांच्या लांबीइतकं, आणि प्रत्येक उघड्या हाताला साधारण चमचाभर. डबीवर यूव्हीएपासून संरक्षणाचा उल्लेख हवा, म्हणजे ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’. गडद त्वचेवर डाग पडण्याचा त्रास असेल तर त्वचेच्या रंगाचं, आयर्न ऑक्साइड असलेलं मलम निवडावं; दिसणारा उजेड तेवढंच अडवतं. त्याने चेहरा पांढुरकाही दिसत नाही, आणि पांढुरका चेहरा घेऊन कामावर जायला लाजणारी पुष्कळ माणसं मला माहीत आहेत.

रोज लावल्याने खरंच फरक पडतो का? ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर या गावात १९९२ पासून साडेचार वर्षं १,६२१ प्रौढांवर हे तपासलं गेलं. काहींना डोकं, मान, दंड आणि हात यांवर रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, काहींना त्यांच्या नेहमीच्या सवयीवर सोडलं. रोज लावणाऱ्यांमध्ये स्क्वेमस पेशींच्या, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातल्या चपट्या पेशींच्या, कर्करोगाच्या गाठी सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्या. त्वचेचं वय वाढणंही मोजलं, तेही रोज लावणाऱ्यांमध्ये २४ टक्क्यांनी कमी निघालं. आणि ते मलम काही आजच्यासारखं ५० आकड्याचं नव्हतं, १५-१६ चं होतं. मला या प्रयोगातली हीच गोष्ट सगळ्यांत आवडते. साधं मलम, साधी माणसं, रोजचा नेम.

दर दोन तासांनी पुन्हा लावा, असं प्रत्येक डबीवर लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्याने उघड्यावर काम करणाऱ्याचे हात पाहिलेले नसावेत. दुपारी बारा वाजता माझ्या हातांना माती असते, कुणाच्या हातांना ग्रीस, कुणाच्या चुना. त्या हातांनी चेहऱ्याला मलम लावायचं म्हणजे धूळ घासायची. यावर आम्ही काढलेला मार्ग असा: प्रत्येकाच्या पिशवीत एक ओला रुमाल झाकणाच्या डब्यात. जेवणाच्या सुट्टीत हात धुतले जातातच. त्याच वेळी चेहरा, कान, मान ओल्या रुमालाने टिपायची, घासायची नाही, आणि मग मलम. दिवसातून दोनदा, घरून निघताना आणि दुपारी, एवढं नक्की होतं. ज्यांचे हात धुता येत नाहीत त्यांच्यासाठी सनस्क्रीनची कांडी मिळते, ती हात न लावता फिरवता येते. घाम डोळ्यांत जाऊन चुरचुरत असेल तर कपाळावर झिंक ऑक्साइडचं मलम लावून बघावं, ते कमी झोंबतं. डबी उभ्या गाडीत उन्हात ठेवू नये, उष्णतेने ती निकामी होते. डासांचं मलमही लावायचं असेल तर आधी सनस्क्रीन, वरून ते.

कान आणि ओठ सगळेच विसरतात. खालचा ओठ जरा बाहेर आलेला, सूर्याला सामोरा, आणि त्याच्यात मेलॅनिन कमी.

आमच्या गटात पट्टी धरणारे एक दादा आहेत, वयाने माझ्या वडिलांएवढे. पहिल्यांदा मी ट्यूब पुढे केली तेव्हा ते हसून म्हणाले, “ताई, आता या वयात कुणाला दाखवायचंय?” मी म्हटलं, “दादा, दाखवायला नाही. बूट तुम्ही दाखवायला घालता का?” त्यांनी ट्यूब घेतली, पाहिली आणि आधी कानांना लावलं. कान आदल्या दिवसापासून हुळहुळत होते, ते त्यांनी नंतर सांगितलं. पुरुषांना हे नटण्याचं वाटतं आणि म्हणून ते दुखणं अंगावर काढतात. हत्याराला तेल देणारा माणूस स्वतःच्या हातांना तेल लावायला का संकोचतो, हे मला अजून उमगलेलं नाही.

संध्याकाळचं धुणं हा दुसरा मोठा भाग. लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शल्यचिकित्सकाने १७७५ मध्ये दाखवून दिलं, की धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढे होणारा वृषणकोशाचा कर्करोग त्वचेच्या वळ्यांत साठून राहणाऱ्या काजळीमुळे होतो. कामाच्या मळाचा कर्करोगाशी संबंध पहिल्यांदा लागला तो तिथे. आज रस्त्यावरच्या धुरातही काजळीच असते. जर्मनीतल्या ४०० वयस्क स्त्रियांच्या एका अभ्यासात, जिथे वाहतुकीची काजळी जास्त तिथे कपाळावर आणि गालांवर डाग सुमारे २० टक्क्यांनी जास्त आढळले. म्हणून रस्त्यावरून आल्यावर चेहरा धुणं आवश्यक आहे. मात्र धुणं म्हणजे घासणं नव्हे. दिवसभर धूळ, घाम आणि वारा सोसून भिंतीतला गारा आधीच सैल झालेला असतो. तिथे कडक साबण आणि खरखरीत घासणी लावली की तो उरलासुरलाही निघून जातो. चेहऱ्याला कोमट पाणी आणि सौम्य क्लेन्झर, एकदाच. अंगाला साबण काखेत, जांघेत, पायांना आणि जिथे खरोखर मळ आहे तिथे. बाकी ठिकाणी पाणी पुरतं. कडकडीत पाण्याने थकवा उतरतो हे मीही अनुभवते, पण त्वचेला त्याने कोरड पडते. हिवाळ्यात खाज सुटते ती बहुतेक त्यामुळेच.

हातांवरचं ग्रीस, डांबर, रंग काढायला पेट्रोल, थिनर किंवा कपड्यांची पावडर वापरणारे रोज दिसतात. मळ निघतो खरा, पण गाराही जातो, आणि मग भेगा पडतात, भेगांतून पुढचं सगळं आत शिरतं. ग्रीस स्निग्ध पदार्थाने सुटतं. आधी साधं तेल चोळावं, दोन मिनिटं थांबावं, चिंधीने पुसावं, मग सौम्य साबण. ओल्या सिमेंटचं तर वेगळंच. ते अतिशय अल्कधर्मी, पीएच १२ च्या वर. आत भाजत असतं आणि तासन्‌तास दुखत नाही. बुटात किंवा हातमोज्यात शिरलं तर काम थांबवून लगेच भरपूर पाण्याने धुवावं. सुट्टीची वाट बघू नये.

धुऊन टिपलं की त्वचा ओलसर असतानाच काहीतरी स्निग्ध लावावं. दोन-तीन मिनिटांचाच तो अवधी. त्यानंतर पाणी उडून जातं आणि जाताना आतलंही घेऊन जातं. काय लावावं, याला उत्तर फार जुनं आहे, आणि तेही कामगारांकडूनच आलेलं. १८५९ मध्ये रॉबर्ट चीझब्रो नावाचा तरुण रसायनतज्ज्ञ पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलच्या तेलविहिरींवर गेला. पंपाच्या दांड्यांवर साचणारं मेण तिथले कामगार वैतागून खरवडून काढायचे. आणि कापलं, भाजलं की तेच मेण जखमेवर चोपडायचे. त्याने ते नेलं, शुद्ध केलं, १८७२ मध्ये पेटंट घेतलं. तीच पेट्रोलियम जेली. त्वचेतून उडून जाणारं पाणी ती जवळजवळ पूर्ण थोपवते, तिला वास नाही, ॲलर्जी क्वचितच होते. चेहऱ्याला ती जड वाटते, तिथे ग्लिसरीन किंवा सिरॅमाइड असलेलं हलकं मॉइश्चरायझर बरं. पण हात, कोपरे, टाचा, ओठ यांना हिच्यासारखं दुसरं काही मी पाहिलं नाही. भेगाळलेल्या टाचांना १० टक्के यूरिया असलेलं मलम, त्यावर जेली, वर सुती मोजे, आणि झोपावं. भेगेतून रक्त येत असेल तर यूरिया झोंबतं, तेव्हा आधी काही रात्री नुसती जेली.

घामाचं थोडक्यात सांगते. घामाच्या नळ्या तुंबल्या की घामोळं येतं. त्याला मलम नको, हवा हवी. ओले कपडे बदलावेत, जाड तेलकट काही लावू नये. हेल्मेटच्या आतलं अस्तर आणि हनुवटीचा पट्टा नियमित धुवावा, कपाळावर आणि जबड्यावर पुटकुळ्या येतात त्या बहुतेक तिथल्याच घर्षणाच्या आणि घामाच्या.

जांघेतल्या नायट्यावर मात्र मला थांबून बोलायचं आहे. तो घामाने, ओलसर कपड्यांनी वाढतो, आणि लाजेपोटी माणूस दुकानात जाऊन ‘खाजेची ट्यूब’ मागतो. त्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा बुरशीच्या औषधाबरोबर तीव्र स्टेरॉइड असतं. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन: ही नावं लक्षात ठेवावीत. दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते, माणूस खूश होतो. आणि बुरशी आत पसरत राहते, नंतर कुठल्याच औषधाला लवकर दाद देत नाही. हीच मलमं चेहरा उजळवण्यासाठीही लावली जातात. काही दिवस त्वचा नितळ दिसते, मग पातळ होते, लाल होते, केस उगवतात, पुटकुळ्या येतात, आणि मलम सोडलं की आग आग होते. उजळवणाऱ्या काही क्रीममध्ये तर पारा सापडतो. तो मेलॅनिन बनू देत नाही आणि त्वचेतून शरीरात जाऊन मूत्रपिंडांना इजा करतो. उन्हात काम करणारा माणूस अशा क्रीमने स्वतःचं छत्रच काढून टाकतो आणि पुन्हा त्याच उन्हात उभा राहतो. रापलेला रंग ही त्वचेने स्वतःच्या बचावासाठी केलेली धडपड आहे. त्याची लाज वाटायला लावणाऱ्या प्रत्येक जाहिरातीचा मला राग आहे, आणि तो मी इथे लपवणार नाही.

चेहऱ्यावर लिंबू चोळून बाहेर पडणंही तसंच धोक्याचं. लिंबाच्या रसातली काही द्रव्यं उन्हात त्वचेशी अशी वागतात की फोड येतात आणि मागे काळे डाग महिनोन्‌महिने राहतात.

हे सगळं माणसाने एकट्याने करावं असं मात्र मी म्हणणार नाही. दुपारी सावलीला बसायला मिळणं, हात धुवायला पाणी असणं, कामाच्या वेळा पुढे-मागे होणं, हे कामावर नेमणाऱ्याच्या हातात असतं. बूट, हेल्मेट, हातमोजे जसे कामावरून मिळतात तशी रुंद कडेची टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि सनस्क्रीनची मोठी बाटलीही मिळायला हवी. साहित्याच्या पेटीत ठेवलेली बाटली सगळे वापरतात. स्वतः विकत आणायची झाली तर घरातल्या दहा गरजा तिच्या पुढे उभ्या राहतात. आपल्या हाताखाली उन्हात माणसं काम करत असतील तर पुढच्या साहित्याच्या यादीत हे लिहावं, एवढी माझी कळकळीची विनंती.

काही गोष्टींसाठी घरगुती काळजी पुरत नाही, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं लागतं. चार आठवड्यांत न भरणारी जखम किंवा सतत खपली धरणारा, पुन्हा पुन्हा रक्त येणारा ठिपका. खालच्या ओठावर पांढुरका, खरखरीत, न जाणारा पट्टा. आकार, रंग किंवा कडा बदलणारा तीळ. गडद त्वचेच्या लोकांनी तळवे, तळपाय आणि नखांखालची जागाही बघावी, कारण त्यांच्यात मेलॅनोमा झाला तर अनेकदा तिथेच होतो. नखावर नव्याने आलेली आणि रुंदावणारी काळी रेघ मार लागल्याची समजून सोडून देऊ नये. अशा जागेचा फोनवर फोटो काढावा, शेजारी मोजपट्टी ठेवून, आणि महिन्याने त्याच उजेडात पुन्हा काढावा, म्हणजे बदल नजरेच्या अंदाजावर राहत नाही. मधेच मोजपट्टीवरचा आकडा वाढलेला दिसला तर महिनाही थांबू नये. त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्या असल्या तरी, पिशवीत घालून न्याव्यात, आणि आपण काय काम करतो, दिवसाचे किती तास उन्हात असतो, हातांना काय काय लागतं, हे त्यांनी विचारायच्या आधीच सांगावं.